वादळाचा माग काढणारी माणसे

चक्रीवादळ ही मोठी विलक्षण वस्तू आहे. त्याचा तडाखा शेकडो मैलांच्या टापूला बसतो, हजारो माणसे त्यात सापडतात. परंतु ज्याने ते वादळ प्रत्यक्ष पाहिले असे म्हणता येईल, असा माणूस एकही सापडत नाही. गलबतावरच्या तांडेलाला आपल्या शिडात भरलेला वारा तेवढा कळतो. बंदरातल्या अधिकाऱ्याला वायुभारमापकातला उतरत जाणारा पारा दिसतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला खवळलेला दर्या आणि उडून जाणारे छप्पर दिसते. यांपैकी प्रत्येकाजवळ वादळाचा एक लहानसा तुकडा असतो, वादळ मात्र कोणाजवळच नसते. हे तुकडे एकत्र आणून, नकाशावर मांडून, त्यांचा परस्परांशी मेळ घातला, तरच वादळाचे रूप प्रकट होते. म्हणून चक्रीवादळाच्या विद्येचा इतिहास हा एखाद्या एकांतवासी शास्त्रज्ञाच्या प्रतिभेचा इतिहास नाही. आपल्या वाट्याला आलेली नोंद प्रामाणिकपणे टिपून ती दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या असंख्य माणसांचा तो इतिहास आहे. आणि त्यातला फार मोठा भाग हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर घडलेला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वादळ म्हणजे एका दिशेने सुटलेला प्रचंड वारा, अशीच समजूत रूढ होती. तो वारा मध्येच थांबतो, काही काळ आकाश शांत होते आणि मग नेमका उलट दिशेने दुप्पट जोराने सुटतो, हा अनुभव खलाशांना पिढ्यानुपिढ्या होता. पण त्याचा अर्थ लागत नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल जेम्स कॅपर याने १८०१ साली वारे आणि मोसमी हवामान यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मद्रासच्या किनाऱ्यावर १७६० आणि १७७३ साली झालेल्या वादळांचा विचार करून, ही वादळे म्हणजे प्रचंड भोवरेच असावेत, असे अनुमान त्याने त्यात मांडले. अनुमान बरोबर होते; परंतु ते सिद्ध करण्यास लागणारी साक्ष त्याच्याजवळ पुरेशी नव्हती.

ती साक्ष प्रथम मिळाली अमेरिकेत, आणि तीही समुद्रावर नव्हे, तर जमिनीवर. विल्यम रेडफील्ड हा कनेटिकट राज्यातला खोगिरे आणि घोड्यांचे साज तयार करणारा कारागीर होता. सप्टेंबर १८२१ मध्ये त्या भागावरून एक मोठे वादळ गेले. त्यानंतर पायी प्रवास करीत असता रेडफील्डला असे दिसले, की त्याच्या गावाजवळ उन्मळून पडलेल्या झाडांचे शेंडे वायव्येकडे आहेत, आणि काही मैल पलीकडे गेल्यावर पडलेल्या झाडांचे शेंडे आग्नेयेकडे आहेत. एकाच वादळाने झाडे दोन विरुद्ध दिशांना पाडली, याचा अर्थ वारा गोल फिरत होता. रेडफील्डने घाई केली नाही. त्याने दहा वर्षे इतर वादळांच्या नोंदी जमविल्या आणि १८३१ साली आपला सिद्धांत छापला. त्याच वर्षी बार्बाडोस बेटाचा एका वादळाने विध्वंस केला. तेथे बांधकामासाठी धाडलेला इंग्रज लष्करी अभियंता विल्यम रीड याने रेडफील्डचा लेख वाचला, जहाजांच्या नोंदवह्या चाळल्या आणि १८३८ साली वादळांच्या नियमावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. खोगीर बनविणारा एक कारागीर आणि सैन्यातला एक अधिकारी, दोन देशांतली ही माणसे पत्रांच्या द्वारे एकाच कामाला लागली होती.

रीडचा ग्रंथ कलकत्त्यास पोचला, तेव्हा तो हेन्री पिडिंग्टन याच्या हाती पडला. येथून पुढची कथा बंगालच्या उपसागराची आहे. पिडिंग्टनचा जन्म १७९७ सालचा. उमेदीच्या काळात तो व्यापारी जहाजांवर होता आणि कप्तानपदापर्यंत पोचला होता. पुढे समुद्र सोडून तो कलकत्त्यास स्थायिक झाला. तेथील एशियाटिक सोसायटीशी त्याचा निकटचा संबंध होता. भूगर्भातील उपयुक्त द्रव्यांच्या संग्रहालयाचा तो अभिरक्षक होता. हिंदुस्थानातील वनस्पतींच्या नावांची सूचीही त्याने तयार केली होती. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचा तो अध्यक्ष झाला. त्यामुळे जहाज कसे बुडते, कप्तानाची चूक कोठे होते आणि कोठे त्याचा नाइलाज असतो, याचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्या कोणास क्वचितच असेल. वादळाचा नियम नाविकांना कळला, तर कितीतरी जहाजे वाचतील, या एका विचाराने त्याला झपाटले आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

पिडिंग्टनची कामाची रीत साधी, पण कमालीची चिकाटी मागणारी होती. उपसागरात वादळ झाल्याची वार्ता आली, की त्या सुमारास त्या पाण्यात असलेल्या जहाजांच्या कप्तानांकडे तो नोंदी मागे. जहाजाच्या नोंदवहीत तासातासाला वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, पाऱ्याची उंची आणि जहाजाचे स्थान लिहिण्याची चाल होती. कोणाची नोंदवही नीटनेटकी असे, तर कोणाची पाण्याने भिजून पुसट झालेली. कोणी विस्ताराने लिही, कोणी चार शब्दांत आटपे. बंदरांचे अधिकारी, दीपगृहांवरची माणसे, किनाऱ्यावरचे कारकून यांच्याकडूनही तो वृत्तांत मिळवी. मग एका ठरावीक तारखेची ठरावीक वेळ घेऊन, त्या क्षणी कोणते जहाज कोठे होते आणि त्यावर कोणत्या दिशेचा वारा होता, हे तो नकाशावर मांडी. समजा, एका जहाजावर पूर्वेचा वारा आहे, आणि त्याच घटकेला त्याच्या दक्षिणेस शंभर मैलांवर असलेल्या दुसऱ्या जहाजावर पश्चिमेचा वारा आहे; तर भोवऱ्याचा मध्य त्या दोहोंच्या दरम्यान असला पाहिजे. तिसऱ्या जहाजाची नोंद मिळाली, की तो मध्य अधिक निश्चित होई. दुसऱ्या दिवशीचा मध्य असाच काढला, की दोन बिंदूंना जोडणारी रेषा ही वादळाची वाट ठरे. एकट्या कप्तानाला जे मरणाच्या दारात उभे असताना कळले नव्हते, ते अशा रीतीने कागदावर उमटत असे.

१८३९ पासून पुढे सुमारे बारा वर्षे एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पिडिंग्टनचे असे वीसहून अधिक निबंध प्रसिद्ध झाले. जुनी वादळेही त्याने सोडली नाहीत. गोदावरीच्या मुखाजवळ कोरिंगा नावाचे भरभराटीचे बंदर होते. डिसेंबर १७८९ मधील वादळात समुद्राच्या तीन अजस्र लाटा एकामागून एक आत आल्या आणि ते बंदर माणसांसह बुडाले. तेथेच नोव्हेंबर १८३९ मध्ये पुन्हा तोच अनर्थ ओढवला. या घटनांचा धांडोळा घेत असता पिडिंग्टनच्या एक गोष्ट ध्यानात आली. वादळात माणसे मरतात ती मुख्यतः वाऱ्याने नव्हे, तर वाऱ्याने आणि कमी झालेल्या वायुभाराने फुगवून किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याने. ही जाणीव पुढे त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या पत्राला कारण झाली.

मॉरिशसजवळच्या ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाचा वृत्तांत त्याच्या निबंधांपैकी विशेष गाजला. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसहून मस्कतकडे निघालेले हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याकडे पाठ करून जहाज पळू दिले. पाच दिवस ते वेगाने धावत होते. परंतु या काळात वाऱ्याची दिशा होकायंत्रावरून पुनःपुन्हा संपूर्ण फिरत होती. वादळ ओसरल्यावर स्थान मोजून पाहिले, तो इतके धावूनही जहाज निघाल्या ठिकाणापासून फारसे दूर गेलेले नव्हते. घाण्याचा बैल जसा दिवसभर चालून जागच्या जागी राहतो, तशी त्याची गत झाली होती. वादळात वारा गोल फिरतो याचा याहून बोलका पुरावा कोणता असणार?

या फिरत्या वादळांना स्वतंत्र नाव नव्हते. निरनिराळ्या समुद्रांवर निरनिराळे शब्द चालत. आपल्या कोकणात आणि गोव्यात ‘तुफान’ म्हणत, वेस्ट इंडीज बेटांत ‘हरिकेन’, चीनच्या समुद्रात ‘टायफून’. १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात पिडिंग्टनने ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव सुचविले. सापाच्या वेटोळ्याचाही अर्थ त्या शब्दात आहे. वाऱ्याचा मार्ग अचूक वर्तुळ असेलच असे नाही, पण गोल वळण्याची प्रवृत्ती या शब्दाने व्यक्त होते, असे त्याने सावधपणे नमूद केले. आज जगभर चालणारे हे नाव अशा रीतीने कलकत्त्यात जन्मास आले. त्या पुस्तकाचे नावही सूचक होते. इंग्लंडात लहान मुलांच्या मुळाक्षरांच्या पाटीवर शिंगाचा पातळ, पारदर्शक पत्रा बसवीत आणि तिला ‘हॉर्नबुक’ म्हणत. पिडिंग्टनने नाविकांसाठी तशीच बाराखडी लिहिली आणि तिच्यासोबत शिंगाचे दोन पारदर्शक पत्रे दिले. त्यांवर वाऱ्याच्या दिशा दाखविणारी वर्तुळे छापलेली होती. एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरा दक्षिण गोलार्धासाठी. कप्तानाने पत्रा सागरी नकाशावर ठेवावा, आपल्याकडे वाहणारा वारा त्यावरच्या बाणाशी जुळवावा, म्हणजे वादळाचा मध्य कोणीकडे आहे हे त्याला दिसावे, अशी ही योजना. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर मध्य उजव्या हाताला असतो, हे सूत्र त्यामुळे साध्या खलाशाच्याही तोंडी बसले.

हे सूत्र सर्वस्वी निर्दोष होते असे मात्र नाही. चक्रीवादळात वारा नुसता गोल फिरत नाही; फिरता फिरता तो मध्याकडे आत ओढला जातो. मॉरिशसमध्ये चार्ल्स मेल्ड्रम याने १८५१ पासून तेथील मंडळाच्या साह्याने हजारो नोंदवह्या तपासल्या आणि हे आत वळणे दाखवून दिले. शुद्ध वर्तुळाच्या भरवशावर वाऱ्यापुढे पळणारे जहाज वादळाला वळसा घालण्याऐवजी त्याच्याच पोटात शिरण्याचा धोका असतो, असा इशारा त्याने दिला. पिडिंग्टनच्या नियमाची दुरुस्ती झाली, तीही त्याच्याच मार्गाने, म्हणजे अधिक नोंदी आणि अधिक तपास यांनी. नकाशावर मांडलेला निष्कर्ष कोणाचाही असो, पुढच्या जहाजाची नोंद त्याला खोटे पाडू शकते, ही शिस्त या विद्येने प्रारंभापासून पाळली.

आता त्या पत्राकडे वळावयास हवे. हुगळी नदी गाळाने भरत चालली आहे, एक दिवस कलकत्ता बंदर निकामी होईल, या भीतीने सरकारी वर्तुळात सुंदरबनातील मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा विचार सुरू झाला होता. १८५३ साली पिडिंग्टनने गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक जाहीर पत्र प्रसिद्ध केले. मातलेच्या काठी वस्ती केल्यास एक ना एक दिवस चक्रीवादळात समुद्राचे पाणी त्या वस्तीवर चालून येईल, ते पाच ते पंधरा फुटांपर्यंत चढेल आणि सारे काही बुडवील, असे त्याने स्पष्ट शब्दांत बजावले. हे भविष्य नव्हते. ते कोरिंगापासून गोळा केलेल्या नोंदींचे गणित होते. सरकारने ते मानले नाही. बंदर उभारले गेले, लॉर्ड कॅनिंग यांचे नाव त्याला देण्यात आले, कलकत्त्याहून तेथवर लोहमार्गही नेण्यात आला. पिडिंग्टन १८५८ सालीच निवर्तला होता.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी चक्रीवादळाने प्रथम कलकत्त्यालाच गाठले. समुद्राची लाट हुगळीतून वर चढली. बंदरात त्या दिवशी १९५ जहाजे होती. त्यांपैकी अवघी २३ धडधाकट राहिली, ३६ पार मोडून गेली. नदीकाठच्या मुलुखात सुमारे ५० हजार माणसे बुडाली. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८६७ मध्ये, दुसरे वादळ मातलेच्या मुखावर आले आणि समुद्राने पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त केले. पुढे काही वर्षांतच ते बंदर सोडून देण्यात आले. पत्र लिहिल्यापासून अवघ्या चौदा वर्षांत त्यातील शब्द खरे ठरले.

१८६४ च्या आपत्तीचा एक चांगला परिणाम झाला. गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड या दोघांनी त्या वादळाचा सविस्तर अहवाल तयार केला. १८६५ पासून कलकत्ता बंदराला वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. याच सुमारास विजेच्या तारा देशभर पसरत होत्या. पिडिंग्टनला नोंदवह्या मिळत त्या वादळ शमून आठवडे, महिने लोटल्यावर. त्याचा नकाशा म्हणजे एका अर्थाने वादळाचे शवविच्छेदन होते. तारयंत्रामुळे वादळ जिवंत असतानाच त्याचा माग काढणे प्रथमच शक्य झाले. १८७५ साली हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. मुंबई बंदराला १८८० पासून, तर देशातील सर्व बंदरांना १८८६ पासून वादळाच्या सूचना मिळू लागल्या. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, हे कोकणातल्या घराघरांत समजणारे वाक्य त्या व्यवस्थेची देणगी आहे. महाराष्ट्राचा या कार्याशी संबंध याहूनही जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून हवामानाच्या आणि भूचुंबकत्वाच्या नोंदी सातत्याने ठेवल्या जात होत्या. आणि हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, तेव्हापासून पुणेकर त्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ साली दिल्लीस गेले, पण नाव पुण्यातच राहिले.

परंतु बावटा लागला म्हणजे माणूस वाचला, असे होत नाही. ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघनेच्या मुखाशी बाकरगंज जिल्ह्यावर समुद्र चालून आला. सुमारे एक लाख माणसे बुडून मेली आणि मागाहून आलेल्या रोगराईने व उपासमारीने जवळजवळ तितकीच दगावली. हवामान खाते तेव्हा अस्तित्वात होते, तारा होत्या. पण तार बंदरापर्यंत जात होती, नदीच्या गाळाच्या बेटावर झोपडी बांधून राहणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत जात नव्हती. १८८८ च्या नोव्हेंबरात ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईस येण्यास निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सातशेहून अधिक उतारूंसह नाहीशी झाली. त्या सर्व बंदरांना सूचना देण्याची व्यवस्था होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पाहणाऱ्याचे ज्ञान आणि ज्याच्यावर संकट यायचे त्याचे कान, यांमधले अंतर तोडणे हे वादळाचा मध्य शोधण्याइतकेच कठीण काम आहे, हे या घटनांनी शिकविले.

विसाव्या शतकात साधने झपाट्याने वाढली. जहाजांवर बिनतारी यंत्रे आली आणि भर समुद्रातील नोंदी तासाभरात किनाऱ्यावर पोचू लागल्या. एप्रिल १९६० मध्ये हवामानाचा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि वादळाचे वेटोळे माणसाने प्रथमच वरून, अखंड पाहिले. पिडिंग्टनने वीस जहाजांच्या साक्षीवरून जे काढले, ते आता एका चित्रात दिसते. आज मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आगेमागे अरबी समुद्रात वा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की हवामानाची आवड असलेली कितीतरी माणसे ती चित्रे घरबसल्या न्याहाळतात, संगणकाने वर्तविलेल्या मार्गांची तुलना करतात, आपल्या गावचा वारा आणि पाऱ्याची उंची एकमेकांना कळवितात आणि रात्र रात्र जागून वादळाची चाल पाहतात. यांत कोणी शिक्षक असतो, कोणी व्यापारी, कोणी विद्यार्थी. खोगीर बनविणाऱ्या रेडफील्डचे आणि जहाज सोडून नोंदवह्यांत रमलेल्या पिडिंग्टनचे हे वारस आहेत, यात संशय नाही. या हौसेची टवाळी करण्याचे कारण नाही. ही विद्याच मुळी हौशी माणसांनी वाढविली आहे.

मात्र वारसा घ्यायचा तो संपूर्ण घ्यावा लागतो. पिडिंग्टनने एका नोंदीवरून कधी वादळ उभे केले नाही. दुसऱ्या जहाजाची साक्ष मिळेपर्यंत तो थांबला. आज एखाद्याच्या हाती एक चित्र पडते आणि तो घटकाभरात महाप्रलयाची आवई उठवितो. अशा आवया चार वेळा खोट्या ठरल्या, की पाचव्या वेळी खरी सूचनाही माणसे मनावर घेत नाहीत. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याची किंमत प्राणांनी द्यावी लागते. वर्तमानातील उदाहरणे डोळ्यांपुढेच आहेत. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच राज्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे अतितीव्र वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. या चौदा वर्षांत वाऱ्याचा स्वभाव पालटला नव्हता. सूचना घरापर्यंत पोचविणारी, निवाऱ्याच्या पक्क्या इमारती बांधणारी आणि म्हातारी माणसे व गुरेढोरे यांच्यासह गाव रिकामे करणारी व्यवस्था तेवढी नवी होती. उलट नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फियान’ वादळ गोवा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा मासेमारीसाठी दूर गेलेल्या कित्येक होड्या परत आल्याच नाहीत.

सुंदरबनात कॅनिंग आज एक गजबजलेले गाव आहे. कलकत्त्याहून तेथे आगगाडी जाते. मात्र ज्या बंदरासाठी ती सुरू झाली, ते बंदर नाही. चौदा वर्षांची मुदत हाती असताना, सर्व पुरावा समोर असताना, एका माणसाचे पत्र बाजूला ठेवले गेले, याची ती खूण आहे. वादळाचा माग काढणाऱ्यांनी आपले काम दीडशे वर्षांपूर्वीच उत्तम केले होते. ऐकणाऱ्यांचे काम मात्र प्रत्येक पिढीला, प्रत्येक मोसमात, नव्याने करावे लागते.